एका स्मार्टवॉचमुळे घरातली किती यंत्रे बाद होतात?

प्रश्न :
माझे वडील ७१ वर्षांचे असून रोज पहाटे फोन घरी ठेवून फिरायला जातात. पावले मोजणे, नाडी पाहणे, गोळ्यांचा गजर आणि अडचणीच्या वेळी आम्हाला फोन, एवढ्यासाठी त्यांना स्मार्टवॉच घ्यावे असा विचार आहे. दुकानदार मात्र म्हणतो की रक्तदाब आणि साखरही त्यातच कळते, तेव्हा घरातली दोन्ही यंत्रे काढून टाका. हे कितपत खरे आहे?

उत्तर १ :
कृपया काढून टाकू नका. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरली तर ते जिवावर बेतू शकते. रक्तदाबाचे म्हणाल, तर सॅमसंगच्या घड्याळातील ही सोय दर २८ दिवसांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागते, म्हणजे ज्याची सुट्टी करायची तेच यंत्र पुन्हा हाताशी हवे! नाडी मात्र बऱ्यापैकी कळते. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेखालचे रक्त शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यागणिक परतणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक मोजला जातो. पट्टा सैल असेल तर हे गणित चुकते.

उत्तर २ :
खरी मेख फोनची आहे. साधे स्मार्टवॉच ब्लूटूथने जोडलेले असते, त्यामुळे फोन घरी राहिला की कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत संपर्क तुटतो. ई-सिम (घड्याळातच बसवलेले, वेगळे कार्ड न लागणारे सिम) असलेलेच घड्याळ घ्या आणि तुमची मोबाइल कंपनी त्या घड्याळाला जोडणी देते का, हे आधी विचारा. अ‍ॅपलचे घड्याळ अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या. २०१८ पासून काही घड्याळांत ईसीजी आला आहे, पण तो एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहणारा असतो. त्यावरून हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, त्यामुळे छातीत दुखत असताना मनगटाकडे पाहत बसू नये.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. वडिलांचा फोन अँड्रॉइड असल्याने निवड आपोआप आटोपशीर झाली. ई-सिमचे घड्याळ घेतो, दोन्ही यंत्रे कपाटात राहतील, आणि वडील पूजेला बसतात तेवढ्या वेळात घड्याळ चार्जिंगला लावायचे असे ठरले आहे.