पॉइंट रॉबर्ट्सला आईबाबांना न्यायचंय, कॅनडाचा व्हिसा लागेलच का?

बॉथेलकर:
नमस्कार मंडळी. आईबाबा मे महिन्यात सिअ‍ॅटलला आलेत, बी-२ वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. बाबा भूमी अभिलेखात भूकरमापक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रोज सकाळी चहासोबत गूगल मॅपवर कुणाची तरी हद्द बघत बसतात. परवा हाक मारली, "अरे, व्हँकूव्हरच्या खाली हा तुकडा कुणाचा?"

पॉइंट रॉबर्ट्स. कॅनडाच्या त्सवासन द्वीपकल्पाचं शेपूट, जेमतेम साडेबारा चौरस किलोमीटर. ४९ अक्षांशाच्या रेघेखाली आलं म्हणून अमेरिकेचं, वॉशिंग्टन राज्याचं. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे कॅनडा. बाबांचं निदान लगेच तयार: "गटाला वाट नाही."

आता त्यांना नायगारा नको, वेगास नको, हेच हवंय. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. जायचं अमेरिकेतून अमेरिकेतच, मग त्यांना कॅनडाचा व्हिसा कशाला? मधल्या मधे सूट वगैरे काही असते का?

बेलिंगहॅमची_माई:
सूट नाही. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, मग तू तिथून नुसता पंचवीस मैल गाडी हाकलीस तरी. तुला लागणार नाही. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेव. आईबाबांचा अर्ज आजच टाक, बायोमेट्रिक्सही द्यावे लागतील. आय-९४ चा, म्हणजे त्यांच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, प्रिंट काढून घे. आणि कॅनडात जाऊन आलं म्हणजे सहा महिने नव्याने मोजायला लागतात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

दिवसभरात चार वेळा खिडकी खाली करून उत्तरं द्यायची आहेत बरं. हद्दीवरच्या ब्लेन गावाहून कॅनडात, कॅनडातून पॉइंट रॉबर्ट्सला, आणि तस्संच परत. मी सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी डब्यात दहीभाताबरोबर दोन लिंबं ठेवलेली. लिंबं सिअ‍ॅटलच्या दुकानातली, पण कॅनडातून फिरून आलेली, त्यामुळे पॉइंट रॉबर्ट्सच्या नाक्यावर टोपलीत गेली. सासूबाई अजून काढतात तो विषय. लोणचं गेलं नाही.

तिथे पेट्रोल गॅलनवर नाही, लिटरवर मिळतं, कारण गिर्‍हाईक पलीकडचं. कॅनडावाले अमेरिकन पत्त्यावर पार्सलं मागवतात, ती ठेवायची दुकानं मात्र भरपूर. गावात हजार-बाराशे माणसं. लहान मुलांची शाळा आहे. जरा मोठी झाली की पोरं बसने ब्लेनला, म्हणजे रोज शाळेला जाताना परदेश. करोनात मार्च २०२० ला हद्द बंद झाली तेव्हा या लोकांचे फार हाल झाले. शेवटी मेनलँडला जायला बोट सुरू करावी लागली.

पोटखराबा:
माईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त इतिहास. १८४६ च्या ओरेगॉन कराराने रॉकी पर्वतापासून समुद्रापर्यंत ४९ ची रेघ ठरली. व्हँकूव्हर बेट मात्र अख्खं ब्रिटिशांना, रेघ त्याला वळसा घालते. हे टोक कुणी वळसा घालून सोडलं नाही, कापलं गेलं.

त्याच करारातली, बेट आणि मुख्य जमिनीच्या "मधली खाडी" नक्की कुठली, यावरून शेजारच्या सान हुआन बेटांवर १८५९ मध्ये एका अमेरिकन शेतकर्‍याने ब्रिटिश कंपनीचं डुक्कर मारलं, बटाटे उकरत होतं म्हणून. दोन्ही देशांचं सैन्य आलं! निवाडा १८७२ ला जर्मन कैसरने दिला, अमेरिकेच्या बाजूने. आपल्याकडे बांधावरच्या बाभळीवरून होतं तेच.

आणि तुमच्या बाबांना सांगा, आपल्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, वाट मागायला तहसीलदार तरी असतो. इथे कुणाकडे अर्ज करणार?

बॉथेलकर:
सप्टेंबर. जाऊन आलो!

व्हिसा आला, लिंबं नेली नाहीत. त्सवासनमधून ५६ स्ट्रीटने सरळ खाली गेलं की नाका. पलीकडे रुझवेल्ट वे लागतो, हद्दीला चिकटून. बाबांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या उत्तरेला कॅनडातल्या घरांची मागची कुंपणं. बाबा चालत निघाले, प्रत्येक कुंपण बघत. मी म्हटलं, काय शोधताय? "बांध कोरलाय का कुणी."

रस्त्याच्या पश्चिम टोकाला समुद्रावरच्या कड्यावर पहिल्या नंबरचा हद्दीचा खांब आहे, १८६१ चा, ग्रॅनाइटचा. बाबांनी आधी त्यावर तळवा टेकवला, मग फोनवर अक्षांश बघितला. ४९ च्या पुढे पॉइंट शून्य शून्य दोन! म्हणजे रेघ दोनशे मीटरपेक्षा जास्त उत्तरेला सरकलेली. मला वाटलं, साहेब आता फेरमोजणी मागणार. तर ते खूश. तार्‍यांवरून, जंगलातून एवढी आणली, म्हणाले, आमच्या मोजणीच्या टेबलाला गावच्या गावात जुळवताना घाम फुटायचा. पुढे १९०८ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खांब हीच हद्द धरली, तेही मी वाचून दाखवलं. "मग! आकडा चुकला तरी दगड हलवायचा नसतो."

मग खिशातली वही काढून टिप्पण काढलं. समुद्र, कडा, खांब, रस्ता, उत्तर दिशेचा बाण. खाली "लगतधारकांच्या सह्या" लिहून थांबले. खांबावर अमेरिकन आणि ब्रिटिश दोन्ही आयुक्तांची नावं कोरलेली आहेत. चष्मा कपाळावर सारून ती एकेक अक्षर लावून उतरवून घेतली आणि वही मिटली. आई तोवर गाडीत लोणचं-पोळी खात बसली होती.