डसेलडॉर्फला रविवार मोकळा, आम्ही सहा जण. कोलोन करावं की अ‍ॅमस्टरडॅम?

पाईपवाला_जळगाव
राम राम मंडळी. एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातले सहा जण पाईपच्या नव्या एक्सट्रूडर लाइनची ट्रायल बघायला ऑक्टोबरात जर्मनीला जातोय. मुक्काम डसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनाजवळ. शनिवारी ट्रायल संपते, सोमवारी दुपारी फ्रँकफर्टहून विमान. म्हणजे 25 ऑक्टोबरचा रविवार पूर्ण मोकळा. साहेब साठीचे, गुडघ्यांचा त्रास. दोघे जैन. दोन पोरांनी अ‍ॅमस्टरडॅमचा धोशा लावलाय. व्हिसा बिझनेसचा आहे, त्यावर फिरलेलं चालतं का? आणि सगळ्यांना सोबत ठेवून एका दिवसात काय जमेल?

राईनकाठचा_खान्देशी
व्हिसाची काळजी नको. बिझनेसच्या कामासाठी मिळालेल्या शेंगेन व्हिसावर मोकळ्या दिवशी फिरता येतं, नेदरलँड्सलाही जाता येतं. फक्त मूळ पासपोर्ट खिशात हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि सीमेवरच्या गाड्यांत तपासणी होते.

तरी अ‍ॅमस्टरडॅम सोडा. जलद गाडीनंही एका बाजूचे सव्वादोन तास लागतात. सहा जणांची आंघोळ-नाश्ता होऊन निघायला साडेनऊ, पोचायला बारा, आणि ऑक्टोबराच्या शेवटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हातात उरतात पाच तास, त्यातला एक जेवणात जातो. कोलोन अर्ध्या तासावर आहे. साहेब दमले तर त्यांना कुणी एक जण परत आणू शकतो, बाकीच्यांचा दिवस मोडत नाही. माझ्या मते गटात फिरताना हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

रविवारी दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे दुकानं बंद. घरच्यांसाठी खरेदी शनिवारी संध्याकाळीच उरका. रविवारी फक्त मोठ्या स्टेशनांतली दुकानं, बेकऱ्या आणि हॉटेलं चालू असतात. '4711' अत्तराचं ग्लोकनगासमधलं जुनं दुकानही रविवारी बंद. दुसरी म्हणजे कॅथेड्रल, कोलोनचं मोठं जुनं चर्च. प्रार्थना चालू असताना पर्यटकांना आत हिंडू देत नाहीत, रविवारी दुपारी 1 नंतरच सोडतात आणि तेही थोडे तास. वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. लोक सकाळी 10 ला दारात उभे राहतात आणि वैतागतात. मोठ्या बॅगा घेऊनही आत जाता येत नाही.

भुसावळ_जंक्शन
गाडीचं मी सांगतो, भुसावळच्या माणसानं नाही सांगायचं तर कुणी!

डसेलडॉर्फहून आरई1 किंवा आरई5 पकडा. या रीजनल गाड्या, आरक्षण लागत नाही. यांचं तिकीट आयसीईत, म्हणजे तिथल्या जलद गाडीत, चालत नाही. फलाटावर आधी आयसीई आली म्हणून चढलात तर ते विनातिकीट धरतात. रीजनल गाडीत विनातिकीट सापडलं की माणशी 60 युरो. डसेलडॉर्फच्या ट्रामचा पास खिशात असला तरी तो कोलोनपर्यंत जात नाही, कारण डसेलडॉर्फ 'व्हीआरआर' या तिकीट-विभागात आणि कोलोन 'व्हीआरएस' विभागात. मशीनवर थेट 'कोलोन' टाकूनच तिकीट काढा. काही कागदी तिकिटांवर फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये शिक्का मारावा लागतो, नाहीतर तिकीट असून नसल्यासारखं. तिकिटावर तारीख-वेळ आधीच छापली असेल तर गरज नाही. जर्मनीभर चालणारं महिन्याचं तिकीट कुणी सुचवेल, पण ते वर्गणीचं आहे, एका दिवसासाठी त्या भानगडीत पडू नका.

आता खरी गंमत. कोलोन मुख्य स्टेशनाच्या एक स्टेशन आधी, नदीच्या अलीकडे, 'कोलोन मेस्स/डॉयट्झ' लागतं. बरेच जण तिथं चुकून उतरतात. तुम्ही मुद्दाम उतरा. तिथून होहेनझोलर्न पुलावरून चालत राईन ओलांडायची, साहेबांच्या चालीनं पंधरा-वीस मिनिटं. शेजारच्या रुळांच्या जाळीला लाखो कुलुपं, आणि समोर कॅथेड्रल हळूहळू मोठं होत जातं. मुख्य स्टेशनावर उतरलात तर बाहेर पडताच ते थेट डोक्यावर येतं, पूर्ण दिसतच नाही. आरई6 घेऊ नका, ती नॉइस गावाकडून येते आणि डॉयट्झच्या आधीच मुख्य स्टेशन गाठते.

रविवारी रुळांची कामं निघतात. बोर्डावर 'एसईव्ही' दिसलं तर गाडीऐवजी बस आहे असं समजा. डीबीच्या (जर्मन रेल्वेच्या) अ‍ॅपवर सकाळी एकदा बघाच.

आणि हो, 25 तारीख ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पहाटे 3 वाजता घड्याळ मागं करून 2 वाजवतात. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं आणि हॉटेलच्या भिंतीवरचं नाही. जळगावशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो, म्हणजे तिकडं संध्याकाळचे साडेपाच तेव्हा घरी रात्रीचे दहा. त्या दिवशी कोजागिरी आहे, घरच्या दुधाच्या वेळेला फोन करायचा तर हे लक्षात ठेवा.

सावद्याची_ताई
जैन मंडळी आहेत म्हणून खाण्याचं लिहिते.

घरून नेताना: दूध, तूप, पेढे, खवा असं काही नको, युरोपात दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. खाकरा, शेव, शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते. ताज्या फळांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि आपली केळी! तरी नेऊ नका, बॅगेत काळी पडतात आणि तिथं स्टेशनावर मिळतातच.

कोलोनच्या जुन्या बिअर-घरांत मेनूकार्ड फसवतं. 'हाल्व्हे हान' म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, पण ताटात येतो राय धान्याचा पाव, चीजचा जाड तुकडा, मोहरी. कांदा सोबत येतो, तो नको म्हणून आधीच सांगा. उलट 'हिमेल उन अ‍ॅड' म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी, सफरचंद-बटाटा ऐकून कुणीही फसेल, त्यावर रक्ताचं सॉसेज असतं. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायचं द्रव्य) असू शकतं, ते चालत नसेल तर 'वेगान' लिहिलेलंच घ्या. 'श्पेक' आणि 'शिंकेन' हे दोन्ही डुकराचे शब्द पाठ करा. साधं पाणी हवं तर 'श्टिलेस वासर' म्हणा, नाहीतर सोडा येतो.

पिणाऱ्यांसाठी: कोल्श, म्हणजे कोलोनची बिअर, 0.2 लिटरच्या बारीक ग्लासात येते. ग्लास रिकामा दिसला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर रेघ मारतो. थांबायचं तर पुठ्ठा ग्लासवर ठेवा. तिथं 'आल्ट' मागू नका, ती डसेलडॉर्फची बिअर. दोन गावांचं त्यावरून जमत नाही, जळगाव-धुळ्यासारखंच म्हणा ना. बिल मागताना 'गेट्रेंट' म्हटलं की वेटर ज्याचं त्याला वेगळं सांगतो. मोकळ्या दिवसाचा खर्च कंपनीच्या बिलात मिसळायचा नसेल तर हे सोपं.

पाईपवाला_जळगाव
ताई, भाऊ, खूपच कामाचं. कोलोन पक्कं. पोरांना कॅथेड्रलचा मनोरा चढायचाय, साहेबांचं काय करू?

राईनकाठचा_खान्देशी
मनोरा 533 पायऱ्यांचा, अरुंद गोल जिना, लिफ्ट नाही. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात, म्हणून मध्येच थांबता येत नाही. साहेबांना पायथ्यालाच सांगा. मनोऱ्याची वाट वेगळी, त्यामुळे पोरं सकाळीच चढून येऊ शकतात. अर्ध्या वाटेवर 24 टनांची, 1923 साली ओतलेली सेंट पीटर घंटा दिसते.

साहेबांना उंचावरून बघायचं असेल तर डॉयट्झच्या बाजूला 'कोलोन ट्रँगल' इमारतीची 103 मीटरवरची गच्ची आहे, लिफ्टनं जाता येतं, आणि तिथून कॅथेड्रल समोर दिसतं. स्टेशनावर उतरल्या उतरल्या आधी तेच करा, मग पूल.

आत गेल्यावर दक्षिणेकडची रंगीत खिडकी चुकवू नका. 72 रंगांचे सुमारे 11,000 चौकोनी तुकडे, 2007 साली बसवलेली. बांधकाम 1248 ला सुरू, मध्ये तीनशे वर्षं ठप्प, 1880 ला पूर्ण. आपली एखादी धरणाची फाइल आठवेल.

भेटायची जागा ठरवून घ्या. 'कॅथेड्रलसमोर' म्हणू नका, तिथं हजार माणसं असतात. पश्चिमेच्या दारासमोर मनोऱ्याच्या टोकावरच्या दगडी फुलाची तेवढ्याच मापाची प्रतिकृती आहे, साडेनऊ मीटर उंच. तिथं दुपारी 1. सही करायला कागद पुढं करणारे किंवा हातात काही देऊ पाहणारे आले तर खिसा सांभाळून पुढं चला.

भुसावळ_जंक्शन
एक राहिलं. स्टेशनावर स्वच्छतागृहाला पैसे लागतात, सुटी नाणी ठेवा. आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, रिकामी फेकू नका. स्टेशनातल्या सुपरमार्केटमध्ये बाटली टाकायचं मशीन असलं तर जरा थांबून बघा. प्लास्टिकवाल्यांनी ते बघण्यासारखंच आहे.