मंगळागौरीत शरीरावरचा विनोदी कार्यक्रम: कुणी न दुखावता कसा बसवावा?

काठपदर
मंडळाच्या मंगळागौरीत खेळांच्या मध्ये २५ मिनिटं मोकळी आहेत. बायका ४०-४५, वयं २५ ते ७०. पोट, वजन, चेहऱ्यावरचे केस यांचा मनात धरलेला संकोच हसता हसता सैल व्हावा, असं काही हवंय. जाड बाईला धावायला लावून हशा पिकवणारं प्रहसन नको. भाषण तर नकोच.

निरगाठ
आधी एक बघा, विनोदात हरतं कोण? 'मी म्हणजे गोदामच' यात बाई हरते. लोक हसतात, पण शेजारी बसलेली तिच्याच अंगाची बाई गप्प होते. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. अडचणीत गंमत शोधून स्वतःला सावरणं ही एक, आणि इतरांनी हसावं म्हणून स्वतःलाच खाली पाडणं ही दुसरी. या दुसरीसोबत कमी आत्मसन्मान आढळतो. वरवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून संहिता मोठ्यानं वाचून तपासा.

हरवायचं ते मापाला. तीच बाई एका दुकानात एम, शेजारच्या दुकानात डबल एक्सेल. बदललं काय, बाई की दुकान? आपल्याकडे रेडीमेडची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आली. म्हणून तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेला भारतीय मापांसाठी २५ हजार लोकांची मोजणी हाती घ्यावी लागली. ट्रायल रूमचा आरसा, डोक्यावरचा पांढरा दिवा, अर्ध्यात अडकलेली चेन, यावर पाच मिनिटं आरामात निघतात. आणि शिवणातली 'माया' विसरू नका. टेलर ब्लाउजला इंचभर माया सोडतो, आपण स्वतःसाठी अर्धा इंचही सोडत नाही. हे वाक्य शेवटी न ठेवता मध्येच टाका, नाहीतर प्रवचन वाटेल.

अबोली२
उखाण्यांची फेरी घ्या, तालीम लागत नाही. नवऱ्याऐवजी अवयवाचं नाव घ्यायचं. नमुना:

जिन्यावर जिना, मजले चढते चार,
गुडघेरावांचं नाव घेते, कुरकुरतात पण टाकत नाहीत भार.

सहा-सहा जणींचे गट करा, प्रत्येक गटाला कोरी चिठ्ठी, लिहायला सात मिनिटं. चिठ्ठीवर नाव नको. सगळ्या चिठ्ठ्या सूत्रधाराकडे, तिनं नजर फिरवून दुखावणाऱ्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्या स्वतः वाचायच्या. सात-आठ उखाणे, प्रत्येकी हशासकट मिनिटभर. मग दहा मिनिटं ट्रायल रूमचं.

फसतं ते सुरुवातीला. नमुन्याचा पहिला उखाणा पंचविशीतल्या सडपातळ मुलीनं स्वतःच्या पोटावर म्हटला की मागून 'तुला काय गं, तू तर काडी' ऐकू येतंच आणि तुलना सुरू होते. नमुन्याचा उखाणा सगळ्यात वयस्कर आजींकडून म्हणवून घ्या, पण आदल्या दिवशी विचारून. ऐनवेळी कुणालाही उठवायचं नाही.

रंग, मूल नसणं, कोड आणि स्तनाची शस्त्रक्रिया हे विषय सूत्रधारानं चिठ्ठीतून आले तरी वगळायचे. रंगावरचा विनोद तर मापासारखा उलटवताच येत नाही. मोबाइल पिशवीत. व्हॉट्सअॅपवर जाणार असं कळलं की चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

पायरव
वर 'पोट' आहे म्हणून सांगते. 'या पोटानं दोन लेकरं वाढवली' छापाचे उखाणे ढिगानं येतील. एखादाच ठेवा. नाहीतर मूल नसलेल्या बाईच्या पोटाला मान नाही, असा अर्थ निघतो. पोट नुसतं पोट म्हणून चालायला हवं. पुरणपोळी कुठे जाते, एवढं कारण पुरे.

सुंठवडा
एक अवयव कुणी लिहिणार नाही, पण हसताना आठवेल सगळ्यांना. खोकताना, हसताना, फुगडी घालताना लघवीचे थेंब जाणं. यावर जरूर हसवा, फक्त विनोदाच्या पाठोपाठ दोन वाक्यं हवीत, कारण 'वयच झालं' म्हणून हसण्यावारी नेलं की उपचार राहून जातात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. लघवी आणि वारा दोन्ही अडवल्यासारखं आत ओढायचं, पाच सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. तीन आठवड्यांत सोडून देणं हीच नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे श्वास रोखून पोट आणि मांड्या आवळणं. रोज लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

हनुवटीच्या केसांचंही तसंच. चिमट्यावर हसा, पण केस अचानक वाढले किंवा सोबत पाळी अनियमित असेल तर तपासणी हवी. आणि नुकतं सिझेरियन झालेली कुणी असेल तर तिच्या हाती उशी द्या. हसताना टाक्यांवर धरली की ताण कमी बसतो.

काठपदर
चिठ्ठ्या आणि ट्रायल रूम नक्की. सूत्रधारीण मापं घ्यायची टेप गळ्यात घालून उभी राहील. एकच अडलंय. कार्यक्रम संपून जेवणाच्या पंगतीत कुणीतरी 'किती सुटलीस गं!' म्हणणारच. तेव्हा काय?

निरगाठ
उत्तर कार्यक्रमातच सगळ्यांकडून एकसुरात दोनदा म्हणवून घ्या, म्हणजे पंगतीत आपोआप निघेल. कुणी 'सुटलीस' म्हटलं की हात जोडून, मोठा सुस्कारा टाकून: "हो ना बाई, सुटले एकदाची!"