एमआरआय तेच, मग हिप्पोकॅम्पसचा आकडा का बदलला?

नेरूळकर:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी म्हाताऱ्या लोकांचे टी१ स्कॅन (एमआरआयचाच एक प्रकार) फ्रीसर्फरमध्ये, म्हणजे मेंदूच्या भागांची मापं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतोय. नॉर्मल लोकांचे कॉलेजच्या लॅबमध्ये केले, मग तिथला पीसी बसला म्हणून पेशंटचे घरच्या पीसीवर केले, तेही नवीन व्हर्जनवर. आता पेशंटचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) चांगलाच लहान दिसतोय, गाईड खूश, पण काल सहज एक नॉर्मलवाला स्कॅन घरी परत लावला तर त्याचाही आकडा खाली आला 😐 मग मी मोजलं काय, मेंदू की व्हर्जन?

घोडबंदरची ताई:
व्हर्जन रे बाबा. इकडे घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला ये, एकाचा कार्पेट आणि दुसऱ्याचा सुपर बिल्टअप धरून कुठला मोठा ते सांगशील का? २०१२ ला प्लॉस वन या जर्नलमध्ये पेपर आलेला, तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या तीन व्हर्जनवर चालवले तर भागांच्या व्हॉल्यूममध्ये सरासरी ८.८ टक्के फरक, काही ठिकाणी तर ६४ पर्यंत. मॅकची ओएस बदलली तरी थोडं हललं. आणि अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला झिजतो साधारण साडेचार टक्के, म्हणजे व्हर्जनचा फरक वर्षभराच्या झिजेपेक्षा मोठा, आता तूच बघ. सगळे स्कॅन एकाच पीसीवर, एकाच व्हर्जनवर परत लाव, दुसरा इलाज नाही.

ऐरोली०८:
ताई बरोबर आहेत पण तेवढ्याने सुटका नाही. कवटीच्या मापाचं काय केलंस? हिप्पोकॅम्पसच्या आकड्याला त्या मापाने नुसतं भागलंस तर लहान डोक्यावाल्यांचा हिप्पोकॅम्पस उगाच मोठा दिसतो, कारण तो डोक्याच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्यामुळे एका ग्रुपमध्ये बायका जास्त असल्या की गेलंच. भागाकाराऐवजी कवटीचं माप रिग्रेशनमध्ये (त्याचा परिणाम हिशोबात धरणारी स्टॅटिस्टिक्सची पद्धत) घाल. आणि स्कॅन डोळ्यांनी बघ, पेशंट एमआरआयच्या मशीनमध्ये जास्त हलतात आणि हललेल्या स्कॅनमध्ये ग्रे मॅटर (मेंदूचा पेशींनी भरलेला करडा भाग) आहे त्यापेक्षा कमी भरतं. हे कुठलंही व्हर्जन दुरुस्त करून देत नाही.

नेरूळकर:
भागाकारच केलेला 🙈 आणि पेशंटमध्ये पुरुष जास्त आहेत, म्हणजे तिथेपण घोळ. सगळे परत लावलेत, एकेका स्कॅनला सहा-सात तास, त्यात रात्री लाईट गेली आणि चार अर्धवट राहिले. गाईडना अजून सांगितलं नाहीये.

घोडबंदरची ताई:
आजच सांग. आणि जुने आकडे डिलीट करू नकोस, व्हर्जनचा फरक किती तो टेबलच थिसिसमध्ये टाक.