सिटी बसचा संप: भांडण ठेकेदाराशी की महापालिकेशी?

बर्डीकर
सिटी बसच्या ठेक्यावरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी किमान वेतन आणि कायम नोकरी मागत संप केला की दोनच सूर लागतात. युनियननं वेठीस धरलं, नाहीतर ठेकेदारानं लुटलं. महापालिका मात्र नामानिराळी. २००७ पर्यंत नागपुरात शहर बस एसटी चालवायची, मग स्टारबस आली, २०१७ पासून 'आपली बस'. आताच्या करारात ऑपरेटरला किलोमीटरमागं पैसे मिळतात, तिकिटाचा गल्ला मनपाचा. गाडी रिकामी धावली तरी त्याचं बिल निघतं. धंद्याची जोखीम मनपाची, तर किमान वेतनाची जबाबदारी एकट्या ठेकेदाराची कशी?

हिंगणा रोड
काहून भाऊ, भांडण कोणाचंही असो, एमआयडीसीत खाडा माझाच लागते ना! अन् पर्मनंट केल्यानं संप थांबते का? २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी बंद पडली, ते एप्रिल २०२२ मधे धड सुरू झाली. ते तं ठेक्यावरचे नव्हते.

रिटायर कंडक्टर
नव्हते, म्हणूनच परत आले. हायकोर्टानं २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हा म्हटलं, झाले. ठेक्यावरच्याले चार्जशीट नाही, निलंबन नाही. दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटीच लागत नाही, बस्स. माझ्या पुतण्याचा ठेकेदार दोनदा बदलला. रूट तोच, काम तेच. ग्रॅच्युइटी मागाले गेला तं म्हणे, आमच्याकडे पाच वर्षं कुठं भरली?

घरपट्टीवाला
वाईट आहे, मान्य. पण तोटा शेवटी आमच्याच करातून भरला जातो. आणि सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलंय, कंत्राट पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे, म्हणजे ठेका देणाऱ्याचे, होत नाहीत. हे युनियनचे पुढारी सभेत सांगतात का? तिथं 'सगळ्यांना कायम करू'चं गाजर.

बर्डीकर
कायम करा असं मी म्हटलंच नाही. ठेकेदारानं पगार थकवला तर मूळ मालकानं तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या श्रमसंहितेतही आहे. युनियननं कायमच्या नोकरीचा हट्ट बाजूला ठेवून आधी एवढंच धरून बसावं. मनपानं ठेकेदाराला सांगावं, दर महिन्याला पगाराची पावती दाखव, मग बिल घे.

हिंगणा रोड
हे पटते. पण मंग बस काहून बंद करता? गल्ला मनपाचा आहे म्हणता ना? गाड्या चालवा, तिकीट फाडू नका. मार बरोबर जागेवर लागते, मीबी कामावर पोचतो.

रिटायर कंडक्टर
बाप्पा! विनातिकीट पॅसेंजर सापडला तं पहिला मेमो कंडक्टरले. संपावर गेलेला एखादवेळ परत येते, तिकीट न फाडणारा अपहारात जाते.