‘वितळणे’ की ‘विरघळणे’? : द्रव-प्रावस्था तापपिंडनाविषयी

प्रश्न : सिरॅमिकवरील एका लेखाचा अनुवाद तपासताना पुढील वाक्य आढळले. ‘द्रव-प्रावस्था तापपिंडनात चूर्णाचे कण वितळतात आणि थंड झाल्यावर एकमेकांना चिकटतात.’ येथे ‘वितळतात’ योग्य आहे का? ‘तापपिंडन’ऐवजी सरळ ‘सिंटरिंग’ लिहावे का?

उत्तर : तापपिंडन म्हणजे चूर्ण तापवून, पण सगळे न वितळवता, त्याचा घट्ट पिंड करणे. त्याला ‘सिंटरिंग’ लिहिण्यास हरकत नाही, कामावरची माणसे तेच म्हणतात. ‘वितळतात’ मात्र चूक आहे, आणि त्या एका क्रियापदाने सगळी प्रक्रियाच उलटी समजते. चूर्णात मुद्दाम मिसळलेली थोडी पूरक द्रव्ये तापवल्यावर आपसांत किंवा कणांच्या पृष्ठभागाशी संयोग पावून द्रव होतात; वितळण्याचा भाग काय तो एवढाच. मुख्य कण घनच राहतात. हा द्रव त्यांना भिजवतो, केशाकर्षणाने फटींत शिरतो आणि कणांना जवळ ओढून त्यांची मांडणी बदलतो. त्यानंतर बारीक कण, तसेच जिथे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात ते स्पर्शबिंदू, त्या द्रवात विरघळतात आणि विरघळलेले द्रव्य मोठ्या कणांवर पुन्हा घनरूपाने बसते. मेण वितळते आणि साखर विरघळते हे आपल्याला ठाऊक असते, पण ‘बर्फ विरघळला’ असेही आपण सर्रास म्हणतो. तेव्हा अनुवादकाचा पाय घसरला यात नवल नाही.

सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे उदाहरण घेतले की हा भेद डोळ्यांपुढे येतो. हा पदार्थ साध्या दाबाखाली वितळतच नाही. सुमारे 1900 अंश सेल्सिअसला त्याचे विघटन होते. म्हणून त्यात पूरक द्रव्ये म्हणून इट्रिया आणि अ‍ॅल्युमिना घालतात. कणांवरील सिलिकेच्या पातळ थराशी मिळून या दोन धातु-ऑक्साइडांचा द्रव बनतो, सिलिकॉन नायट्राइडच्या अल्फा या स्फटिकरूपाचे कण त्यात विरघळतात आणि बीटा रूपाच्या लांबट, षट्कोनी छेदाच्या दांड्या वाढतात. तडा या दांड्यांना वळसा घालत जातो, म्हणून पदार्थाची चिवटता वाढते. नुसते वितळून गोठण्याने अशी सूक्ष्मसंरचना मिळाली नसती.

उपप्रश्न : ‘द्रव-अवस्था’ का नको? आणि ‘चिकटतात’ चालेल का?

उत्तर : ‘अवस्था’ म्हटले की सगळा पदार्थ द्रव झाल्याचा भास होतो, ‘प्रावस्था’ म्हणजे घनासोबत नांदणारा वेगळा घटक, म्हणून तीच ठेवावी. ‘थंड झाल्यावर चिकटतात’ हेही पटत नाही, कारण छिद्रे बुजतात ती भट्टीच्या तापमानालाच. थंड होताना उरलेल्या द्रवाची बहुधा काच होते. ती कुठे राहते हे द्वितल कोनावर, म्हणजे दोन कणांच्या सीमेला द्रव भिडतो तिथे द्रवाच्या दोन पृष्ठभागांमध्ये होणाऱ्या कोनावर, ठरते : कोन 60 अंशांहून कमी असेल तर द्रव कणांच्या कडांवरून सलग पसरतो, 120 अंशांहून जास्त असेल तर सुटे थेंब कोपऱ्यांत अडकतात. शून्य अंशाला तो दोन कणांमधल्या सीमेवरही पातळ पापुद्र्यासारखा शिरतो, आणि पुढे उच्च तापमानाला हीच काच मऊ पडून वस्तू कमकुवत होते.

वाक्य असे करावे : ‘द्रव-प्रावस्था तापपिंडनात पूरक द्रव्यांपासून द्रव तयार होतो, चूर्णाचे कण त्यात अंशतः विरघळून मोठ्या कणांवर पुन्हा जमतात आणि पिंड घट्ट होतो.’