उत्खनन म्हणजे खोदकामच ना?

दहिसरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'खोदकाम चालू' अशी पाटी आहे. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र 'उत्खनन'. ती विचारते, बाबा, दोन्हीकडे खड्डाच ना? जाणकारांनी सांगावं.

– फरक थरांचा. उत्खननात माती एकेक थर सोलत काढतात आणि कुठलं खापर कुठल्या थरात मिळालं ते टिपतात. पुरातत्त्व सर्वेक्षण खातं १८६१चं, पण थर वाचायची शिस्त लावली ती मॉर्टिमर व्हीलर यांनी, १९४४ ते ४८ मध्ये महासंचालक असताना. (बातम्यांतलं 'अवैध उत्खनन' वाळू-मुरुमाचं असतं. तिथे थरबिर कोण बघतो!)

– तुमच्या जवळचंच उदाहरण देतो. नालासोपाऱ्याच्या एका टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी ते उघडलं, तर आत स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक. अगदी आत सोन्याची डबी, आणि तिच्यात? खापराचे बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले, असं त्यांचं मत. लेकीला हे सांगा, खड्डा विसरेल.

– 'खोदणे'ला आणखी एक अर्थ आहे. कान्हेरीची लेणी खोदली, म्हणजे घडवली. शिलालेख खोदला, म्हणजे कोरला. विहीर मात्र खणतातही आणि खोदतातही. गाडलेलं वर काढायचं तर 'उकरणे', मग ते मडकं असो की जुनं भांडण.

– सगळे संस्कृतातच अडकलात. आमच्याकडे 'पांढर' म्हणतात. गावाची वस्ती ती पांढर, पिकाची जमीन ती काळी. उठून गेलेल्या गावाच्या भिंती, राख, शेण कुजून जे पांढुरकं टेकाड उरतं तीही पांढरच. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या जागी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून खणलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन-दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. आणि आमचे आजोबा? तसल्याच एका पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात टाकायचे, खत म्हणून. खापरं बांधावर फेकायचे. पीक झकास यायचं, खोटं कशाला बोलू!

– सांगितलं लेकीला. आता ती पाटीखालच्या खड्ड्यात थर मोजतेय. डांबर, पेव्हर ब्लॉक, पुन्हा डांबर.